ड्रायव्हरला कोणी मारलं?

मध्यरात्र उलटून गेली आहे. लॉस एंजेलिसमधल्या आपल्या छोट्याशा बिऱ्हाडात खासगी गुप्तहेर फिलिप मार्लो जागाच आहे. ओळखीचा एक पोलीस अधिकारी दारात येऊन उभा राहतो. जनरल स्टर्नवुड नावाच्या धनाढ्य म्हाताऱ्याची पॅकार्ड गाडी लिडो धक्क्यावरून समुद्रात पडली आहे, आत एक प्रेत आहे, येतोस का बघायला? दोघं धक्क्यावर जातात. मेलेला माणूस स्टर्नवुडांचा ड्रायव्हर, ओवेन टेलर. त्याच्या डोक्यावर टोला बसलेला आहे. तो पाण्यात पडण्याच्या आधीचा आहे की आपटल्यामुळे झालेला, ते कळायला मार्ग नाही.

इथे चित्रपटाची पाऊणएक तासाची वाटचाल झालेली असते. अजून तासाहून जास्त चित्रपट बाकी आहे, पण ड्रायव्हरच्या मृत्यूचा उलगडा त्यात होत नाही. ज्याला काही सांगता आलं असतं, तो ब्रोडी नावाचा माणूस थोड्याच वेळात स्वतःच्या दारात गोळी लागून मरतो. मग नवी भानगड, नवी माणसं, नवे मुडदे. ओवेन टेलरचं नाव पुन्हा फारसं कोणी काढत नाही.

हा चित्रपट म्हणजे ‘द बिग स्लीप’. १९४६ साली वॉर्नर ब्रदर्सने प्रदर्शित केला. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, मार्लोच्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट, जनरलची थोरली मुलगी व्हिव्हियन झाली आहे लॉरेन बॅकॉल. चित्रीकरण चालू असताना सेटवर वाद निघाला की या ड्रायव्हरला मारलं कोणी. मूळ कादंबरीचा लेखक रेमंड चँडलर याला तार करून विचारलं गेलं. तार नेमकी कोणी केली याचे किस्से वेगवेगळे आहेत, पण ती आल्याचं चँडलरनेच नंतर एका पत्रात लिहिलं. उत्तर आपल्यालाही ठाऊक नव्हतं, हेसुद्धा.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मध्येच झोप लागून गेली असावी, अशी माझी समजूत झाली. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो. नावं, बाण, कोणी कोणाला कशासाठी धमकावलं याचे चौकोन. शेवटी वहीचं पान लोकलच्या नकाशासारखं दिसत होतं आणि ओवेन टेलरचा चौकोन यार्डात सोडून दिलेल्या डब्यासारखा एकटा उभा होता. तरी तिसऱ्यांदा पाहिलाच. ज्याची गोष्ट धड सांगता येत नाही, तो चित्रपट माणूस पुन्हा पुन्हा का पाहतो? यंत्र उघडून आतली चक्रं पाहिली तर याचं उत्तर बऱ्यापैकी सापडतं.

अंडं किती वेळ उकडायचं

आपल्याकडे रहस्यकथेची सवय लागली ती शेरलॉक होम्सच्या भाषांतरांनी, आणि बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयांनी. त्यातली होम्सच्या वळणाची रहस्यकथा शब्दकोड्यासारखी असते. चौकटी ठरलेल्या, उत्तर एकच, आणि शेवटच्या पानावर सगळे आडवे-उभे शब्द जुळलेच पाहिजेत. एक जरी चौकट रिकामी राहिली तरी वाचक फसवला गेला. गुप्तहेर इथे जवळजवळ गणिताच्या मास्तरासारखा असतो. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवतो आणि फळ्यावर उत्तर सोडवून दाखवतो.

अमेरिकेत १९२०च्या दशकात याहून वेगळी जात तयार झाली. तिला ‘हार्डबॉइल्ड’ म्हणतात, म्हणजे पुरतं उकडलेलं अंडं. कच्चं अंडं धक्का लागला की सांडतं. पूर्ण उकडलेलं आपटलं तर कवच तडकतं, पण आतलं जागचं हलत नाही. या कथांमधला गुप्तहेर तसा आहे. मार खातो, फसवला जातो, पण ढळत नाही.

ही जात वाढली ‘ब्लॅक मास्क’सारख्या स्वस्त मासिकांत. १९२० साली सुरू झालेलं हे मासिक ‘पल्प’ म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या, खरबरीत कागदावर छापलं जाई. तिथला सगळ्यात मोठा लेखक डॅशिएल हॅमेट. तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत खरोखर नोकरी करून आलेला होता. त्यामुळे माणसाचा पाठलाग करताना पाय किती दुखतात, हे त्याला ऐकून माहीत नव्हतं. त्याच्या ‘द माल्टीज फाल्कन’वरचा १९४१चा चित्रपट जॉन ह्यूस्टनने केला आणि बोगार्टला पहिल्यांदा गुप्तहेराची टोपी चढवली.

कथेची चौकट बदलली कारण शहर बदललं होतं. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. बंदीतून चोरटा धंदा, धंद्यातून टोळ्या, आणि टोळ्यांतून पोलिसांना हप्ते, हा क्रम आपल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. लॉस एंजेलिसमध्ये तर जानेवारी १९३८मध्ये हॅरी रेमंड नावाच्या एका खासगी तपासनिसाच्या गाडीत बॉम्ब ठेवला गेला. तो शहराच्या कारभारातला भ्रष्टाचार खणत होता. रेमंड वाचला. बॉम्ब ठेवल्याबद्दल शिक्षा झाली ती खुद्द शहराच्या पोलीस दलातल्या एका कॅप्टनला. त्याच वर्षी मतदारांनी महापौर फ्रँक शॉ यांना परत बोलावून घरी बसवलं. चँडलर ‘द बिग स्लीप’ ही कादंबरी लिहीत होता तो याच शहरात, याच वर्षी.

अशा ठिकाणी ‘खून कोणी केला’ हे कळून भागत नाही. कळल्यावर सांगायचं कोणाला? म्हणून हार्डबॉइल्ड कथेतला मुख्य प्रश्न हळूच सरकतो. खुनी कोण, याच्याऐवजी इथे विश्वास कोणावर ठेवायचा, हा प्रश्न येतो. शब्दकोड्यात रिकामी चौकट म्हणजे चूक. अशा शहराच्या गोष्टीत एखादा मुडदा बेवारस राहिला, तर ते शहराला शोभूनच दिसतं.

अर्थात चँडलरने टेलरला मुद्दाम बेवारस सोडलं असं म्हणून त्याला सोडवणं बरोबर नाही. तो विसरलाच. का विसरला, तेही शोधता येतं.

गोधडीचा टाका

चँडलरचा जन्म १८८८चा, शिकागोतला. वाढला आणि शिकला इंग्लंडमध्ये. पुढे लॉस एंजेलिसमध्ये एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर पोचला आणि दारूपायी १९३२ साली नोकरी घालवून बसला. चव्वेचाळीस वर्षांचा, बेकार माणूस. त्याने ‘ब्लॅक मास्क’ वाचून वाचून स्वतःला लिहायला शिकवलं. पहिल्या कथेवर पाच महिने घासला. डिसेंबर १९३३मध्ये ती छापून आली आणि मोबदला मिळाला १८० डॉलर, शब्दाला एक सेंट या दराने.

पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्याने घरात पडलेला कपडा वापरला. आपल्याच जुन्या कथा. १९३५च्या एका कथेत अश्लील पुस्तकांचा धंदेवाला होता, नशेत बुडालेली मुलगी होती, चोरून काढलेला फोटो होता, आणि धक्क्यावरून समुद्रात गेलेल्या गाडीत एक मेलेला ड्रायव्हर होता. १९३६च्या दुसऱ्या कथेत काचघरात बसलेला आजारी जनरल आणि त्याचा बेपत्ता झालेला जावई होता. चँडलरने दोन्ही कथा उसवल्या आणि एकत्र शिवल्या. दोन कथांमधल्या दोन बापांचा एकच म्हातारा झाला, मुली बहिणी झाल्या.

आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना पाहिलं असेल, तर पुढचं लगेच कळेल. दोन तुकडे जिथे मिळतात तिथला टाका घट्ट घालावा लागतो. तिथेच एखादा धागा मोकळा राहतो. ‘द बिग स्लीप’ची पहिली अर्धी गोष्ट फोटो आणि ब्लॅकमेलची आहे, दुसरी अर्धी बेपत्ता माणसाची. ड्रायव्हर पहिल्या लुगड्याच्या काठावर होता. दुसरं लुगडं जोडताना काठ आत दुमडला गेला.

टाका कुठे उसवलाय तेही बोट ठेवून दाखवता येतं. टेलर धाकट्या मुलीच्या, कार्मेनच्या, प्रेमात होता. गायगर नावाच्या इसमाने तिला गुंगीत ठेवून फोटो काढला म्हणून त्याने गायगरला गोळ्या घातल्या, फोटोची फिल्म उचलली आणि पळाला. बाहेर टपून बसलेल्या ब्रोडीने त्याचा पाठलाग केला, गाडी गाठली, डोक्यात टोला हाणून बेशुद्ध केलं आणि फिल्म पळवली. इथवर साखळी शाबूत आहे. पण बेशुद्ध माणसासकट ती गाडी धक्क्याच्या टोकापर्यंत गेली कशी? ब्रोडी म्हणतो, मी तिथेच सोडून निघालो. टेलर शुद्धीवर येऊन स्वतःच समुद्रात गेला म्हणावं तर डोक्याला टोला बसलेला माणूस एवढं अंतर गाडी चालवून आत्महत्या करायला कशाला जाईल? ब्रोडीने ढकलला म्हणावं तर गायगरच्या खुनाचा आयता आरोपी त्याने का बुडवावा? दोन्ही उत्तरं थोडी थोडी बसतात, पूर्ण एकही बसत नाही.

कादंबरी १९३९मध्ये आली तेव्हा हे फारसं कोणाच्या ध्यानात आलं नाही. पडद्यावर मात्र गुंता वाढला, कारण तिथे आणखी एक कात्री चालली.

फोटोत असं होतं तरी काय

आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांत नायक-नायिका जवळ आले की कॅमेरा बाजूला वळायचा आणि दोन फुलं एकमेकांवर डुलायची. प्रेक्षकाला अर्थ कळायचा, कारण प्रेम काय असतं ते त्याला आधीच माहीत होतं. आता कल्पना करा की फुलांमागची गोष्टच प्रेक्षकाला माहीत नाही, आणि तरीही पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. ‘द बिग स्लीप’चं असं झालं.

हॉलिवुडमध्ये १९३४पासून निर्मात्यांच्या संघटनेची एक आचारसंहिता काटेकोरपणे राबवली जात होती. पटकथा आधी तिथे दाखवायची, आक्षेप आले की बदलायची. गायगरचं दुकान कादंबरीत अश्लील पुस्तकं भाड्याने देणारं दुकान आहे. चित्रपटात ते ‘दुर्मिळ पुस्तकांचं’ दुकान आहे. एक गिऱ्हाईक चोरट्यासारखं आत शिरतं आणि पडद्यामागे गडप होतं, बस्स. कार्मेनचा फोटो कादंबरीत नग्न आहे. चित्रपटात तिच्या अंगावर चिनी पद्धतीचा झगा आहे, गळ्यापासून पायापर्यंत. मग त्या फोटोसाठी इतकी माणसं एकमेकांचे जीव का घेताहेत, असा प्रश्न सरळ मनाच्या प्रेक्षकाला पडणारच. गायगर आणि त्याच्याकडे राहणारा तरुण लंडग्रेन यांचं नातंही पुसलं गेलं. त्यामुळे लंडग्रेन सूडाने पेटून ब्रोडीला का मारतो, तेही धूसर झालं.

थोडक्यात, खून शिल्लक राहिले आणि खुनांची कारणं कापली गेली. घड्याळाचे काटे फिरताहेत, पण तबकडीवरचे आकडे खरवडून काढले आहेत.

शेवटही बदलावा लागला. कादंबरीत बेपत्ता जावयाला, रीगनला, कार्मेननेच मारलेलं असतं आणि मार्लो तिला पोलिसांच्या हवाली करत नाही, उपचारांसाठी दूर पाठवायला लावतो. आचारसंहितेचा दंडक असा की गुन्हेगाराला शासन झालंच पाहिजे. म्हणून चित्रपटात रीगनचा खून जुगाराच्या अड्ड्याचा मालक एडी मार्स याच्या खात्यावर जमा होतो, आणि मार्सला मार्लो दाराबाहेर पडायला भाग पाडतो. बाहेर मार्सनेच उभी केलेली माणसं बंदुका रोखून आहेत. दार उघडून जो येईल तो मार्लो, असा त्यांना हुकूम आहे. मला हा शेवट कादंबरीतल्या शेवटापेक्षा चांगला वाटतो. सेन्सॉरमुळे झालेली ही एवढी एकच सुधारणा.

| चौकट : सात मुडद्यांचा हिशेब |
|---|
| रीगन गोष्ट सुरू होण्याआधीच मेला आहे. गायगरला ड्रायव्हर टेलरने मारलं. ब्रोडीला लंडग्रेनने मारलं, तेही गैरसमजातून. त्याला वाटलं, गायगरचा खुनी हाच. पुढे भेटणाऱ्या हॅरी जोन्सला मार्सच्या कॅनिनो नावाच्या गुंडाने विष पाजलं. कॅनिनोला मार्लोने गोळी घातली. मार्सला त्याच्याच माणसांनी टिपलं. टेलर शिल्लक. |

एक प्रयोग, जो कोणी ठरवून केला नव्हता

पटकथा तिघांनी लिहिली. विल्यम फॉकनर, ज्याला पुढे १९४९चं साहित्याचं नोबेल मिळालं. ली ब्रॅकेट, जिची एक गुप्तहेर कादंबरी वाचून हॉक्सने ‘या लेखकाला बोलवा’ म्हणून फर्मावलं आणि दारातून एक तरुणी आत आली. तिसरा मुरलेला पटकथाकार ज्यूल्स फर्थमन. फॉकनर आणि ब्रॅकेट यांनी कादंबरीची प्रकरणं वाटून घेतली आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिली, एकमेकांनी काय लिहिलं ते न विचारता. गोधडीच्या गोष्टीला हे साजेसंच झालं.

चित्रीकरण ऑक्टोबर १९४४मध्ये सुरू होऊन जानेवारी १९४५मध्ये संपलं. चित्रपट तयार झाला आणि डब्यात पडला. युद्ध संपत आलं होतं. स्टुडिओला युद्धपट शिळे व्हायच्या आत खपवायचे होते. ‘बिग स्लीप’ परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना तेवढा दाखवला गेला. दरम्यान बॅकॉलचा दुसराच एक चित्रपट आला आणि समीक्षकांनी तिला झोडपलं. तिच्या एजंटाने, चार्ल्स फेल्डमनने, नोव्हेंबर १९४५मध्ये स्टुडिओच्या मालकाला, जॅक वॉर्नरला, पत्र लिहिलं. या मुलीला वाचवायचं असेल तर ‘बिग स्लीप’मध्ये तिची दृश्यं नव्याने घ्या, बोगार्टशी तिची उद्धट, चटपटीत जुगलबंदी होऊ द्या, असा त्या पत्राचा सूर. बोगार्ट आणि बॅकॉल यांचं मे १९४५मध्ये खरोखर लग्न झालं होतं. लोकांना ती जोडी पाहायची होती.

जानेवारी १९४६मध्ये नवी दृश्यं चित्रित झाली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य एका उपाहारगृहातलं. दोघं रेसच्या घोड्यांबद्दल बोलतात. कोणता घोडा सुरुवातीला मुसंडी मारतो, कोणता मागून येतो, स्वार कोण आहे त्यावर किती अवलंबून असतं. घोड्यांबद्दल बोलत नाहीयेत हे शेजारच्या टेबलावरच्यालाही कळावं. आचारसंहितेच्या रखवालदारांनी मात्र ते जाऊ दिलं.

नवं आत घालायचं तर जुनं काहीतरी बाहेर काढायला हवं. बाहेर काय काढलं? जिल्हा सरकारी वकिलाच्या कचेरीतलं एक लांबलचक दृश्य. त्यात मार्लो बसून तोवरच्या घटना क्रमवार मांडतो. म्हणजे गोंधळलेल्या प्रेक्षकाला जिची गरज होती नेमकी ती किल्लीच फेकून दिली आणि तिच्या जागी घोड्यांवरच्या गप्पा आल्या. कथेला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

१९४५ची मूळ आवृत्ती पुढे सापडली आणि १९९७मध्ये लोकांपुढे आली. ती ११६ मिनिटांची आहे, १९४६ची ११४. आता आपल्याकडे एकाच चित्रपटाच्या दोन प्रती आहेत. नट जवळजवळ तेच, सेट तेच, पाऊस तोच. एकीत खुलासा आहे, दुसरीत नाही. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत मांडावा असा हा प्रयोग, फक्त तो धंद्याच्या हिशेबाने घडला.

खुलाशाचं दृश्य मी वहीवर पेन टेकवून पाहिलं. बाण जुळत गेले. आणि चार-पाच मिनिटांत माझा हात मोबाइलकडे गेला. खुलासा ऐकताना मार्लो गोष्टीतला माणूस राहत नाही, गोष्ट सांगणारा कारकून होतो. खुर्चीत बसून तो मागचं बोलतो, पुढे काही होत नाही. एरवी सतत खेचून धरणारा हा चित्रपट तिथे थांबतो. जास्त कळतं तीच प्रत जास्त कंटाळवाणी.

घासाघीस

तर खुलासा नसताना आपल्याला धरून ठेवतं काय?

पहिली गोष्ट, कॅमेरा कुठे उभा आहे ते पाहा. चित्रपट सुरू होतो तो स्टर्नवुडांच्या दारावरची पाटी आणि घंटीचं बटण दाबणारं बोट यांच्यावर. ते बोट मार्लोचं. तिथून शेवटपर्यंत मार्लो नाही असं दृश्य नाही. त्याच्या पाठीमागे खलबतं चालली आहेत आणि आपल्याला ती आधी कळली, असं एकदाही होत नाही. त्याला जेवढं ठाऊक, तेवढंच आपल्याला. अनोळखी गावात वाटाड्याच्या मागून चालताना आपण नकाशा पाहत नाही, त्याची पाठ पाहतो. तो बिचकला तर आपण थांबतो, तो हसला तर आपण निर्धास्त. बोगार्टने मार्लोला एक लकब दिली आहे. विचारात पडला की तो कानाची पाळी चिमटीत धरून ओढतो. ते पाहून आपल्याला बरं वाटतं, कारण गोंधळलेले आपण एकटे नाही.

ही युक्ती आणखी ताणली तर काय होतं, तेही लगेच दिसलं. १९४७च्या ‘लेडी इन द लेक’मध्ये रॉबर्ट माँटगोमेरीने कॅमेऱ्यालाच मार्लोचे डोळे केलं. गोष्ट चालू असताना मार्लो दिसतो तो आरशातच. बाकी वेळ सगळी पात्रं थेट प्रेक्षकाकडे बघून बोलतात. वाटाड्याची पाठच दिसेना, आणि माणूस दहा मिनिटांत अवघडून जातो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक दृश्य ही एक घासाघीस आहे. भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांच्यातली, तितकीच चुरशीची. मार्लोला माहिती हवी आहे, समोरच्याला ती द्यायची नाही, किंवा तिची किंमत वसूल करायची आहे. दोघंही भाव खाली-वर करतात. आपण या सौद्यात इतके गुंततो की मेथीची जुडी मुळात कशासाठी घ्यायची होती, ते विसरतो. हॉक्स चांगल्या चित्रपटाची व्याख्या करायचा ती अशी की तीन चांगली दृश्यं असावीत आणि वाईट एकही नसावं. कथानकाचा त्यात उल्लेखच नाही.

काचघरातलं दृश्य घ्या. जनरल चाकाच्या खुर्चीत, पायांवर शाल, भोवती ऑर्किडची दाटी. मार्लो घामाने भिजून कोट उतरवतो. जनरलला दारू वर्ज्य आहे, म्हणून तो मार्लोला ब्रँडी प्यायला लावतो आणि टक लावून त्याचं पिणं पाहतो. मार्लो आपला दर सांगतो, दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च. ब्लॅकमेलची माहिती त्या दृश्यात आहेच. पण ती कोणाच्या लक्षात राहते? राहतो तो घाम, आणि दुसऱ्याच्या पेल्यातली ब्रँडी डोळ्यांनी पिणारा म्हातारा. त्यामुळे पुढे चित्रपटभर मार्लो या घराण्यासाठी मार का खातो, हे सांगावं लागत नाही.

किंवा पुस्तकाच्या दुकानातला तो भाग. मार्लो गायगरच्या दुकानात शिरण्याआधी टोपीची कड वर मुडपतो, काळा चष्मा लावतो आणि किनऱ्या आवाजात पुस्तकं मागतो. त्यातलं एक म्हणजे ‘बेन-हर’ची १८६०ची तिसरी आवृत्ती. लू वॉलेसची ही कादंबरी मुळात १८८०मध्ये बाहेर आली. म्हणजे मागितलेली आवृत्ती असूच शकत नाही. दुकानातली अ‍ॅग्नेस ‘नाही’ म्हणते, पण ‘नसतेच’ म्हणत नाही. पुस्तकांच्या दुकानात पुस्तकांचं काही कळत नाही, म्हणजे धंदा दुसराच आहे. मग तो समोरच्या दुकानात जाऊन तेच विचारतो. तिथली चष्मेवाली मुलगी सांगते, अशी आवृत्ती नाहीच. आम्लाच्या थेंबाने सोनार सोनं पारखतो तशी ही परीक्षा, दीड मिनिटात संपणारी.

त्यानंतर बाहेर पाऊस कोसळू लागतो, ती मुलगी दुकानाच्या दाराचा पडदा खाली ओढते, चष्मा काढते, केस मोकळे सोडते आणि मार्लोच्या खिशातली बाटली टेबलावर येते. ही भूमिका करणारी डोरोथी मलोन तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. या पात्राला चित्रपटात नाव नाही, ती पुन्हा दिसत नाही, कथेला तिचा उपयोग संपलेला आहे. चोख रहस्यकथेचा संपादक हे दृश्य पहिल्या फटक्यात उडवेल. प्रेक्षकांना मात्र मुडद्यांचा हिशेब आठवला नाही तरी ती आठवते.

युद्धकाळाची खूणही इथेच सापडते. ग्रंथालयात, दुकानात, टॅक्सी चालवताना, जिथे तिथे बायका. पुरुष आघाडीवर गेलेले होते. मार्लोच्या सांगण्यावरून गाडीचा पाठलाग करून देणारी टॅक्सीवालीसुद्धा तरुण मुलगी आहे.

काचेपलीकडचा पेला

शेवटाकडे हॅरी जोन्स नावाचा एक फाटका, बुटका माणूस येतो. एलिशा कुक या नटाने तो केला आहे. अ‍ॅग्नेसवर त्याचा जीव आहे. तिच्याकडे एक माहिती आहे, ती तो मार्लोला २०० डॉलरला विकायला बघतो. मार्लो त्याच्या कचेरीत पोचतो तेव्हा आत आधीच कॅनिनो आलेला असतो. मार्लो शेजारच्या अंधाऱ्या खोलीत थांबतो. मधल्या दुधी काचेवर दोन सावल्या.

कॅनिनो आवाज न चढवता विचारतो, अ‍ॅग्नेस कुठे आहे. जोन्स पत्ता सांगतो. कॅनिनो खूश होऊन त्याला पेला भरून देतो. जोन्सला पेल्यात काय आहे याचा अंदाज आलेला आहे. नाही म्हणायची सोय नाही. तो पितो. कॅनिनो निघून जातो आणि मार्लो दार लोटून आत येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

फोन वाजतो. अ‍ॅग्नेसच असते. बोलण्यातून उघड होतं की जोन्सने सांगितलेला पत्ता खोटा होता. तिथे ती कधी नव्हतीच.